दांडी पॅसेंजरनं धरायची

शनिवार पेठेपासून वाघोलीपर्यंत असं एक बाथरूम दाखवा, ज्यात मी कोरड्या कपड्यांनी, हातात टेप घेऊन, गंभीर चेहऱ्यानं उभा राहिलेलो नाही. दाखवलंत तर लगेच रिक्षा करून येतो आणि तिथं उभा राहतो, म्हणजे माझं वाक्य पुन्हा खरं होईल. पुण्यातल्या कित्येक सभ्य घरांतल्या सोफ्याचा रंग मला आठवत नाही, पण त्यांच्या मोरीचा उतार कुठल्या कोपऱ्याकडे आहे, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

आमचं घराणं लोहारकामाचं. आजोबांनी आणि वडिलांनी या शहराला ग्रील आणि गेट पुरवली. वडील म्हणायचे, "हसन, पुणेकरांचा एकमेकांवर विश्वास नाही म्हणून आपल्या घरात भात शिजतो." मीही अर्धं आयुष्य लोकांना घराबाहेर ठेवणाऱ्या वस्तू बनवण्यात घालवलं. मग एकदा एक हाडांचे डॉक्टर गेट करून घ्यायला आले आणि वैतागून म्हणाले, "मिस्त्री, मी म्हाताऱ्यांचे खुबे जोडतो, आणि ते घरी जाऊन त्याच मोरीत पुन्हा पडतात. जरा त्या मोरीचं काहीतरी करा." मी केलं. इतकं केलं की पुढच्या काही वर्षांत शहरातल्या निम्म्या हाडांच्या डॉक्टरांची प्रॅक्टिस बसली. ते मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

काम साधं. बाथरूममध्ये धरायला दांडी, कमोडशेजारी कठडा, पलंग फार खाली असेल तर त्याच्या पायांखाली ठोकळे, पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी. या धंद्याला नाव नव्हतं. लोक मला दांडीवाले म्हणायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, म्हातारं माणूस जिन्यात पडतं. नाही पडत. जिन्याला ते घाबरतं, म्हणून सांभाळून उतरतं. पडतं ते ओळखीच्या जागी, टॉवेल घ्यायला वळताना. आणि पडताना धरतं काय, तर तीच टॉवेलची दांडी. ती बिचारी दोन स्क्रूंवर आणि प्लास्टिकच्या गट्टूंवर उभी असते. ओल्या पंच्याच्या वजनापलीकडे तिची झेप नाही. माझी दांडी फरशी ओलांडून विटेत जाते. आधी मी फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक करतो. पोकळ फरशी वेगळी बोलते, भरीव वेगळी. आणि बसवून झाली की तिला स्वतः लटकतो. एका वकीलसाहेबांनी विचारलं, "हे आमचं वजन धरेल का?" त्यांचं वजन मोठं होतं, शंका त्याहून मोठी. मी एका हातानं दांडीला लटकलो, पाय उचलले आणि दुसऱ्या हातानं त्यांच्याकडचा चहा बशीतून प्यालो. थेंब सांडला नाही. चहाही पुणेरी मापाचा होता, सांडायला पुरलाच नसता.

दांडी किती उंचीवर बसवायची, ते पुस्तकात असतं. पण ज्या माणसाची मापं घेऊन ती पुस्तकं लिहिली, तो मला पुण्यात अजून भेटलेला नाही. म्हणून मी गेरू वापरायचो. आजीआजोबांच्या तळव्यांना कोरडा गेरू लावायचा आणि सांगायचं, आता रोजच्यासारखं वावरा. दुपारी येऊन बघायचं. भिंतीवर, चौकटीवर, फ्रिजवर तांबडे पंजे उमटलेले असायचे. माणूस तोंडानं सांगतो की मला आधारबिधार लागत नाही. भिंत सांगते कुठं कुठं लागतो. एका घरी सूनबाई ऑफिसातून आल्या, ते पंजे बघून तशाच खाली गेल्या आणि वॉचमनला घेऊन आल्या. वॉचमन दारातूनच पळाला. अजून सापडलेला नाही.

गिऱ्हाइकं एकेक. एका आजी उंबऱ्याला अडखळून पडल्या होत्या, पण उंबरा काढू देईनात. "उंबरा काढला तर लक्ष्मी यायची कुठून?"

म्हटलं, "आजी, सपाट झालं तर पळत येईल."

"पळत येईल ती पळतच जाईल," आजी म्हणाल्या. "तुम्ही दुसरं काहीतरी सुचवा."

मग दोन्ही बाजूंनी लाकडी उतार केला आणि मध्ये उंबऱ्याची पाठ तेवढी उघडी ठेवली, हळदीकुंकवापुरती. आजी वर्षानुवर्षं त्यावरून मिरवत गेल्या आल्या. लक्ष्मीचं मला ठाऊक नाही.

या धंद्यात एक गोष्ट मात्र जिवाला लागते. गिऱ्हाईक गेलं की घरचे पहिल्यांदा दांडी काढतात. कपाट राहतं, खुर्ची राहते, फोटोला हार चढतो, पण दांडी आधी निघते. मी दोष देत नाही. रोज अंघोळीला जाताना ती समोर दिसणं सोपं नसतं. पण रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली की भंगाराच्या ढिगात मला माझी कामं दिसतात. मी माझा प्रत्येक वाक ओळखतो. हा त्या बँकेतल्या साहेबांचा, हा त्या हार्मोनियम वाजवणाऱ्या बाईंचा. धरून धरून मधला भाग चांदीसारखा झालेला असतो. तिथं उभं राहिलं की त्या सगळ्या घरांचे वास येतात, कापराचे, बामाचे, कढीपत्त्याच्या फोडणीचे. दुकानदार म्हणतो, "चाचा, घ्यायचं असेल तर हात लावा." मी हात लावतो आणि घेत नाही.

आता ज्यांच्यासाठी लिहायला बसलो, ते नाना पायगुडे.

नाना शहराच्या बसवर कंडक्टर होते. स्वारगेटहून सुटणाऱ्या गाड्यांवर उभा जन्म काढला. घर शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट आहे यावर सगळ्या रहिवाशांचं एकमत आहे, ती चालते का यावर नाही. काचबिंदूनं नानांच्या नजरेच्या कडा खाल्ल्या होत्या. नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसायचं. बायको सुमनबाई आदल्या थंडीत गेल्या, आणि त्यानंतर नाना घरात दोनदा पडले. दोन्ही वेळा एकाच जागी, पलंगाकडून बाथरूमकडे जाताना, हॉलच्या मधोमध. दुसऱ्या वेळी कपाळाला टाके पडले.

त्यांची एकुलती एक मुलगी रंजना वाघोलीला राहते. तिनं ठरवलं होतं, दिवाळीनंतर बाबांना तिकडं न्यायचं. घर भाड्यानं द्यायचं. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं. मला बोलावलं ते नानांच्या हट्टापायी, शेवटचा प्रयोग म्हणून. दारातच म्हणाली, "काका, मला रोज फोन वाजला की धडकी भरते. तुम्ही काही करू शकलात तर बघा. नाहीतर मी त्यांना घेऊन जाणार आहे."

आतून नानांचा आवाज आला. "मी काय पार्सल आहे?"

"बाबा, वाघोलीला लिफ्ट आहे. जनरेटर आहे. बाथरूममध्ये तुमच्यासाठी सगळं बसवून घेतलंय."

"बसचा थांबा कुठाय?"

"तुम्हाला बसनं कुठं जायचंय?"

"जायचं नाहीये. असावा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, ऐका. मला इथं अंधारातही ठाऊक आहे, कुठं काय आहे. तिथं भर उजेडातही ठाऊक नसतं. तिच्या घरी मी पाहुण्यासारखा भिंतीला चिकटून चालतो. नात म्हणते, आजोबा पाल झालेत. चांगली पोर आहे, खोटं बोलत नाही."

मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. हॉलच्या भिंतीला एक लांब दांडी, बाथरूममध्ये दोन. नानांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"दांडी पॅसेंजरनं धरायची," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अहो, एका हातात तिकिटं, एका हातात पैसे. कंडक्टर दांडी धरणार कुठल्या हातानं? आणि कंडक्टरच लटकायला लागला तर पॅसेंजरनं बघायचं कुणाकडं? सगळी नोकरी चालत्या गाडीत उभं राहून केली. दांडीला बोट लावलं नाही. घरात लावू? घर तर थांबलेलं आहे."

मी म्हटलं, ठीक. गेरू काढला.

"होळीला वेळ आहे," नाना म्हणाले, पण तळवे पुढे केले.

ते पलंगावरून उठले, हॉल ओलांडला, बाथरूमपर्यंत गेले, परत आले. मी मागून बघत होतो. भिंत कोरी. चौकट कोरी. एक बोट उमटलं नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या गेरूला इतकं अपमानित कुणी केलं नव्हतं.

"काय म्हणते तुमची भिंत?" नाना म्हणाले.

पण मी त्यांचा पायजमा बघत होतो. उजव्या कमरेवर कापड विरलं होतं, एकाच जागी, तळहाताएवढं, घासल्यासारखं. पुन्हा चालायला लावलं. तेव्हा दिसलं. नाना पाय फाकवून, गुडघे सैल सोडून चालायचे आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तूला कंबर टेकवत जायचे. पलंगाची कड, शिलाई मशीन, चौकट, शोकेस. कंडक्टर असाच चालतो. दोन्ही हात मोकळे ठेवून सीटच्या पाठीला कंबर लावतो आणि गाडीनं वळण घेतलं की तिथंच रोवून उभा राहतो. हा माणूस घरभर बस चालवत होता.

फक्त हॉलचा मधला भाग मोकळा होता. तिथं कंबर टेकवायला काही नव्हतं. तिथं पोचल्यावर नानांनी उजवा हात उचलला, पुढे हवेत नेला, छातीच्या जरा वर, आणि पुटपुटले, "चला, पुढे चला." हात क्षणभर तसाच तरंगला. मग तोल गेला. मी धरलं नसतं तर तिसरी खेप झाली असती.

"हे काय केलंत नाना?"

"काय केलं?"

"हात."

"कुठला हात?" त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात रंजना उभी होती. ती म्हणाली, "तिथं आई असायची."

मग मला सांगितल्यासारखं बोलत राहिली. "आई पुढे आणि बाबा मागे. हात तिच्या खांद्यावर, आणि तोंडानं कंडक्टरसारखं, पुढे चला, पुढे चला. देवळात जाताना तसंच, जिना उतरताना तसंच. आम्ही हसायचो. सगळी इमारत म्हणायची, नाना बायकोला किती जपतात, खांद्याला धरून नेतात." मग वडिलांकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्हाला तेव्हापासून दिसत नव्हतं?"

नाना कमरेनं शोकेसला टेकले. "दिसत होतं थोडंफार."

"आईला ठाऊक होतं?"

"तिनं कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. ती जरा सावकाश चालायला लागली, एवढंच. मला वाटलं, तिचे गुडघे."

मी आयुष्यभर थापा मारत आलो, पण ही बाई माझी गुरू निघाली. सगळ्या पेठेला तिनं उलटं चित्र दाखवलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिला एकदा भेटायला हवं होतं असं मला फार वाटलं. तिनं इतकी वर्षं जे काम केलं, तेच मी करायला आलो होतो, आणि ती ते चालता चालता करत होती.

मी रंजनाला म्हटलं, "ताई, जरा तिथं उभ्या राहा. पाठ इकडं करून."

ती हॉलच्या मध्ये उभी राहिली. नानांनी हात ठेवला. थांबले.

"तू उंच आहेस."

"आईपेक्षा?"

"चार बोटं असशील."

ती गुडघ्यांत वाकली. "आता?"

"अजून थोडी. हां. तिचा उजवा खांदा जरा उतरता होता. पाण्याच्या कळश्या वाहून. हां."

मी टेप लावला. एवढं काम आयुष्यात केलं, पण तो आकडा वाचताना मला चष्मा दोनदा पुसावा लागला. माप घेऊन झालं तरी रंजना तशीच वाकून उभी होती. नानांनीही हात काढला नाही. ती सरळ झाली तेव्हा तिच्या फिक्या ड्रेसवर खांद्यापाशी तांबडा तळवा उमटला होता. तिनं मान वळवून बघितला. झटकला नाही.

त्यानंतर मी हडपसरच्या पुढे एका भंगारवाल्याकडे गेलो. तिथं मोडीत निघालेल्या बस कापतात. दोन सीट निवडल्या, पाठीवर पाइपाची गोल कड असलेल्या. भंगारवाल्याला म्हटलं, घरात बसवायच्यात. तो म्हणाला, घरात ड्रायव्हर कोण? त्या सीट लिफ्टमध्ये मावल्या नाहीत, आणि मावल्या असत्या तर लिफ्ट चालली नसती, म्हणून जिन्यानं चढवल्या. सगळी इमारत दारात आली. सोसायटीचे सेक्रेटरी वर बघत म्हणाले, "नाना, हे सोसायटीच्या नियमात बसतं का?"

"नियमात नसेल बसत," नाना वरून म्हणाले. "तुम्ही सीटवर बसा. खिडकीची मोकळी आहे."

त्या सीट मी हॉलच्या मोकळ्या भागात एकामागे एक बोल्टनं जमिनीत रोवल्या, पाठ नानांच्या कमरेला येईल अशा. दांडी नाही, भिंतीला काही नाही. नानांचा मान राहिला. पुढच्या सीटच्या पलीकडे, जिथं त्यांचा हात हवेत जात होता, तिथं जमिनीतून एक उभा पाइप उभारला. वर शिसवी लाकडाचा गोल माथा, उजव्या अंगाला जरा उतरता. तो तासायला मला पाइपापेक्षा जास्त वेळ लागला. आमच्या वर्कशॉपमधले विचारत होते, मिस्त्री, हे काय बनवताय. मी सांगितलं, एका राजवाड्याची ऑर्डर आहे.

ज्या दिवशी बसवून झालं, त्या दिवशी रंजना आली. बाबांना न्यायचं की ठेवायचं, हे तिनं बघून ठरवायचं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, मदतीला एक पाऊल पुढे ठेवून.

नाना उठले. पलंगाची कड, मशीन, चौकट. मग पहिली सीट. कंबर टेकली आणि त्यांचा चेहरा बदलला. पाठीवरच्या पाइपावरून त्यांनी बोटं फिरवली. "ही जुन्या गाडीची," म्हणाले. "नव्यांची कड टोचते." दुसरी सीट. मग हात उचलला, पुढे नेला, आणि तो लाकडावर टेकला.

मी घाईनं म्हटलं, "ही दांडी नाही हं नाना. बसमध्ये उभा खांब असतो ना, तो."

"तोही पॅसेंजरचाच," नाना म्हणाले. "आणि इतका बुटका खांब कुठल्या बसला असतो?"

 त्यांचा हात माथ्यावर फिरला, मग उजवीकडच्या उतारावर आला आणि तिथं थांबला. बराच वेळ थांबला. मग कुणाकडेही न बघता ते बाथरूमपर्यंत गेले आणि त्याच वाटेनं परत आले. कुठंही तोल गेला नाही.

"पुन्हा जाऊन दाखवू?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नको," रंजना म्हणाली. "मी रोज सकाळी फोन करणार. उचलला नाहीत तर रिक्षानं येणार."

"कर. पण धावत येऊन उचलणार नाही. सावकाश येईन."

ती गॅलरीत गेली आणि टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणाली. बोलून झाल्यावरही बराच वेळ ती बाहेरच होती.

माझी एक पद्धत आहे. काम केलं की काही आठवड्यांनी पुन्हा जाऊन बोल्ट तपासायचे. वापरात आल्यावरच कळतं, काय सैल पडतंय. मी गेलो तेव्हा नाना खिडकीशेजारच्या सीटवर बसून चहा पीत होते. पायजमा नवा होता. कपाळावरचा व्रण बुजत आला होता. मधल्या काळात एकदाही पडले नव्हते, असं रंजनानं फोनवर सांगितलंच होतं. मी हुशारीत होतो. म्हटलं, "काय नाना, कसं काय? या खांबाला मी गॅरंटी देतो. भूकंप आला तर शनिवार पेठ जाईल, हा राहील."

नानांनी कप खाली ठेवला. हात लांब करून त्या लाकडी माथ्यावर ठेवला.

"काम चोख आहे, मिस्त्री. हलत नाही. डुगडुगत नाही. मी कितीही भार टाकला तरी कुरकुरत नाही." मग तक्रारवहीत नोंदवण्याजोगी एखादी बारीक तक्रार सांगावी तसं म्हणाले, "फक्त मी पुढे चला म्हटलं की हा चालत नाही."

  मी गुडघे टेकून खाली बसलो, पाना काढला आणि घट्टच असलेला बोल्ट पुन्हा आवळत बसलो.